खेळून झाल्यावर पंच व्हायचंय? आधी अंदाज बांधणं सोडा

प्रश्न ठाण्यातल्या एका २९ वर्षांच्या क्रिकेटपटूचा आहे. डावखुरा फिरकी गोलंदाज, कांगा लीग आणि टाइम्स शील्ड या मुंबईतल्या स्पर्धा खेळलेला. मुंबईच्या वयोगटातल्या संभाव्य खेळाडूंमध्ये एकदा नाव आलं, पण त्यापुढे गाडी सरकली नाही आणि आता खांदा साथ देत नाही. ते विचारतात: खेळलेल्या माणसाला अंपायरिंगमध्ये खरंच फायदा होतो का? ठाण्यात राहून आंतरराष्ट्रीय पंच व्हायचं स्वप्न बघावं का? त्या पंचाचं आयुष्य असतं तरी कसं? आणि त्यावर घर चालतं का?

मी मुंबईच्या मैदानांवर आणि पुढे रणजी सामन्यांत बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो. आता ठाण्यात नव्या मुलांना परीक्षेसाठी शिकवतो. तुमच्यासारखे खेळून आलेले विद्यार्थी माझ्याकडे नेहमी येतात आणि जवळपास सगळे एकाच ठिकाणी अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फायदा होतो. मात्र तुम्हाला वाटतंय तिथे तो होत नाही. खेळून आलेल्याला वाटतं, नियम तर आपल्याला तोंडपाठ आहेत. खरं सांगायचं तर खेळाडूला मैदानावरचे रिवाज माहीत असतात, नियम नव्हे. झेल उडाला, तो हातात बसण्याआधी दोन्ही फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं, तर नवा फलंदाज कुठल्या टोकाला जाणार? तुम्ही लहानपणापासून जे पाहिलंत त्याप्रमाणे तो नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला जाईल. १ ऑक्टोबर २०२२ पासून तसं नाही. फलंदाजांनी ओलांडलेलं असो वा नसो, षटक संपलं नसेल तर नवा फलंदाज स्ट्राइकलाच येतो. वर्गात हा प्रश्न विचारला की सगळ्यात जास्त चुका रणजीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेली मुलंच करतात, कारण त्यांचा स्वतःच्या अनुभवावर फार विश्वास असतो.

बीसीसीआयने २०२२ च्या जुलैमध्ये अहमदाबादला महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी पंचांची परीक्षा घेतली होती. १४० जण बसले, तिघं उत्तीर्ण झाले. २०० गुणांची परीक्षा, त्यात लेखी, तोंडी, व्हिडिओ आणि शारीरिक चाचणी असे भाग, आणि पुढे जायला ९० गुण पुरेसे होते. तरीही तिघंच. त्यातला एक प्रश्न मी अजून वर्गात घेतो: पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली पिचवर पडते आणि फलंदाज तक्रार करतो, तुम्ही काय कराल? पॅव्हेलियन आणि झाड यांच्या सावलीची दखल घ्यायची नाही, खेळ चालू ठेवायचा. क्षेत्ररक्षकाची सावली असेल तर त्याला जागेवर स्थिर उभं राहायला सांगायचं, आणि तो हलला तर डेड बॉल, म्हणजे तो चेंडू धरायचा नाही. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर डिसेंबरच्या दुपारी खेळलेल्या प्रत्येकाने ही सावली पाहिलेली असते. तिचा विचार कुणीच केलेला नसतो.

मग फायदा कशात? माणसं ओळखण्यात. यष्टिरक्षकाचं अपील आतून आलंय की गोलंदाजाला साथ द्यायची म्हणून आलंय, हे खेळलेल्याला आवाजावरून कळतं. षटकाच्या मध्यात कर्णधार मिडऑनवरून उगाच चालत आला, तर तो वेळ काढतोय की गोलंदाजाला शांत करतोय, हे कळतं. दोन-तीन अपिलं फेटाळली गेल्यावर गोलंदाजाच्या डोक्यात काय चाललंय, ते तुम्ही स्वतः भोगलेलं असतं. अशा वेळी षटक संपल्यावर टोपी परत देताना ‘चेंडू चांगला होता, उंची जास्त वाटली’ एवढंच म्हटलं तर पुढचा अर्धा तास शांततेत जातो. हे पुस्तकात वाचून येत नाही. सामना हाताबाहेर जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या निर्णयामुळे नाही, निर्णयानंतरच्या दोन मिनिटांमुळे, आणि ती दोन मिनिटं सांभाळणं खेळलेल्या माणसाला जमतं.

आता तोटा. माझ्या मते मूळ मुद्दा हाच आहे आणि यावर कुणी पुरेसं बोलत नाही.

खेळाडूचं सगळं शिक्षण अंदाज बांधण्याचं असतं. फलंदाज गोलंदाजाचं मनगट बघून टप्पा ओळखतो. स्लिपमधला खेळाडू बॅट पुढे यायच्या आधीच वजन एका पायावर घेतो. तुम्ही फिरकीपटू, म्हणजे फलंदाज पुढे येणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखून चेंडू थोडा मागे टाकणारे. जो आधी ओळखतो तो चांगला खेळाडू. पंचाने नेमकं हेच करायचं नाही. चेंडू पडण्याआधी पंचाच्या मनात गोष्ट तयार झाली की डोळे ती गोष्टच बघतात, चेंडू बघत नाहीत.

हे मी शिकवताना जवळून पाहतो. ऑफिस टीमच्या सामन्यात नवा पंच गोलंदाजाच्या टोकाला उभा असतो आणि मी सीमारेषेजवळून त्याच्याकडे बघतो, चेंडूकडे नाही. डावखुरा फिरकीपटू राउंड द विकेट, म्हणजे टाकण्याचा हात स्टंपांपासून लांब राहील अशा बाजूने येतो, दोन चेंडू बाहेर वळवतो, मग आर्म बॉल, म्हणजे न वळता हाताच्या दिशेने जाणारा चेंडू टाकतो. खेळलेल्या माणसाला तो आर्म बॉल हातातून सुटतानाच कळतो. त्या क्षणी नव्या पंचाची मान किंचित पुढे येते आणि उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीपासून सुटतात. चेंडू अजून पॅडवर लागलेला नसतो! माझ्या लेखी तो निर्णय तिथेच बिघडला, मग तो पुढे बरोबर निघाला तरी.

तुमच्यासारख्या डावखुऱ्या फिरकीपटूला आणखी एक अडचण असते. तुम्ही इतकी वर्षं पायचीतचं अपील ज्या कोनातून केलंत, तो गोलंदाजाचा कोन होता. राउंड द विकेट टाकून तुम्ही फॉलोथ्रूमध्ये ऑफच्या बाजूला असता. तिथून आर्म बॉल पॅडवर लागला की तो स्टंपवरच जाणार असं दिसतं. पंच मात्र दोन्ही स्टंपांच्या सरळ रेषेत उभा असतो, आणि त्याच चेंडूचा कोन बघून त्याला कळतं की क्रीजच्या कडेवरून आलेला हा चेंडू लेग स्टंप सोडून जाणार आहे. म्हणजे डोळे तेच, जागा बदलली. त्या नव्या जागेवरून शेकडो चेंडू बघितल्याशिवाय मेंदू जुनं चित्र सोडत नाही.

यावर उपाय एकच, नेटमध्ये गोलंदाजामागे उभं राहणं. बोट वर करायचं नाही, तोंडाने काही म्हणायचं नाही. चेंडू लागला की मनात क्रमाने तीन प्रश्न: टप्पा कुठे पडला, पॅडवर कुठे लागला, पुढे कुठे गेला असता. क्रम मोडायचा नाही. आधी तिसऱ्याचं उत्तर देऊन मग पहिल्या दोघांना त्यात बसवणं ही खेळाडूची सवय. आणि उत्तर मिळाल्यावरही एक श्वास थांबायचं. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तो अर्धा सेकंद चेंडूचा आहे. त्यानंतरचा वेळ तुमचा आहे, आणि तुम्ही किती वेळ घेतलात याबद्दल नियम काही म्हणत नाही.

आता खेळलेल्यांपैकी वर कोण गेलं ते बघा, म्हणजे कारकीर्द किती मोठी हवी या शंकेचं उत्तर मिळेल. एस. वेंकटराघवन ५७ कसोटी खेळले, १९७५ आणि १९७९ या दोन विश्वचषकांत भारताचे कर्णधार होते, आणि नंतर ७३ कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. म्हणजे खेळले त्यापेक्षा जास्त. २००२ मध्ये आयसीसीने एलिट पॅनल, म्हणजे जगातल्या सगळ्यात वरच्या पंचांची यादी केली तेव्हा पहिल्या यादीत ते होते. श्रीलंकेचे कुमार धर्मसेना १९९६ ची विश्वचषकाची अंतिम लढत खेळले आणि २०१५ च्या अंतिम लढतीत पंच होते. दोन्ही करणारे ते पहिले. पॉल रायफल १९९९ च्या विजेत्या ऑस्ट्रेलियन संघातले. इंग्लंडचे रिचर्ड इलिंगवर्थ १९९२ ची अंतिम लढत खेळले आणि २०२३ ला अहमदाबादच्या अंतिम लढतीत पंच होते.

दुसऱ्या बाजूला नितीन मेनन. इंदूरचे, वडील नरेंद्र मेनन स्वतः आंतरराष्ट्रीय पंच. नितीन मध्य प्रदेशकडून मोजकंच खेळले, विशीतच खेळणं बाजूला ठेवून परीक्षेला बसले, आणि २०२० मध्ये ३६ व्या वर्षी एलिट पॅनलमध्ये गेले. त्यावेळी त्या पॅनलमध्ये त्यांच्याहून लहान कुणी नव्हतं. सायमन टॉफेल सिडनीच्या क्लब क्रिकेटमधले वेगवान गोलंदाज, पाठीने दगा दिला म्हणून अंपायरिंगकडे वळले आणि २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचे सर्वोत्तम पंच ठरले. तुमच्या खांद्याची गोष्ट वाचताना मला आधी तेच आठवले.

मात्र मला तुमच्यापुढे ठेवायचं आहे ते नाव के. एन. अनंतपद्मनाभन यांचं. केरळचे लेगस्पिनर, १०५ प्रथम श्रेणी सामने, ३४४ बळी. कुंबळे ज्या काळात भारताकडून खेळत होते त्याच काळात हे खेळले, आणि भारताची टोपी काही मिळाली नाही. पुढे पंच झाले आणि २०२० मध्ये आयसीसीच्या आंतरराष्ट्रीय पॅनलवर, म्हणजे एलिटच्या खालच्या यादीवर त्यांची नेमणूक झाली. खेळाडू म्हणून जे मैदान मिळालं नाही, तिथे ते पंच म्हणून उभे राहिले. असा माणूस मनात कडवटपणा घेऊन आला असता तर टिकला नसता. तुम्हालाही हे स्वतःला विचारावं लागेल. निवड समितीने माझ्यावर अन्याय केला, ही भावना मनात असेल तर ती पूर्ण निवेपर्यंत परीक्षेला बसू नका. ज्या पोराला संधी मिळाली त्याच्याच सामन्यात तुम्हाला पंच म्हणून उभं राहायचं आहे.

यातूनच पुढचा मुद्दा येतो: संघ सुटतो. खेळाडू निवृत्त झाला, प्रशिक्षक झाला, समालोचक झाला, तरी त्याचा एक संघ उरतो. पंचाचा उरत नाही. टॉफेल इतकी वर्षं जगातले सर्वोत्तम पंच असूनही २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत उभे राहू शकले नाहीत, कारण तिथे ऑस्ट्रेलिया खेळत होती. त्यांची पाळी आली ती २ एप्रिल २०११ ला, वानखेडेवर, पाकिस्तानचे पंच अलीम दार यांच्यासोबत. आपण सगळे त्या रात्री धोनीचा षटकार बघत होतो. मी मात्र अधूनमधून टॉफेल यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. स्वतःचा देश बाहेर पडला म्हणून त्यांना ही जागा मिळाली होती.

तटस्थ पंच ही कल्पना रुजली त्यात आपल्या ठाण्याचाही वाटा आहे, हे तरुण मुलांना सांगावं लागतं. पिलू रिपोर्टर ठाण्याचे. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्या लाहोर कसोटीत ते आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. घरच्या पंचांवरून होणारे आरोप थांबावेत म्हणून इम्रान खान यांनी तो आग्रह धरला होता. त्या काळात लाहोरला पाकिस्तानच्या सामन्यात भारतीय पंच, याचा अर्थ काय होतो याची कल्पना करा. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच आला आणि २००२ पासून दोन्ही. रिपोर्टर १४ कसोटींत पंच होते, १९९२ च्या विश्वचषकातही होते. ३ सप्टेंबर २०२३ ला ठाण्यातच त्यांचं निधन झालं. चौकार दाखवताना गुडघ्यात वाकून हात हलवण्याची त्यांची लकब अख्ख्या मुंबईच्या मैदानांवर पोरं उचलायची. ठाण्यात राहून आंतरराष्ट्रीय पंच होता येतं का, या तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर ते आहेत.

दुसरं उत्तर नवी मुंबईत आहे. वृंदा राठी नवी मुंबईच्या. मध्यमगती गोलंदाजी करायच्या, मुंबई विद्यापीठाकडून खेळल्या, मग स्कोअरर झाल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकाचे सामने मुंबईत होते, तिथे न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस त्यांना भेटल्या आणि आपणही हे करू शकतो हे त्यांच्या मनाने घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये त्या, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन या रणजी सामन्यांत उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला पंच ठरल्या. स्कोअरिंगच्या टेबलावरून त्या आल्या, हे लक्षात ठेवा, पुढे मी त्याबद्दल सांगणार आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली ती तुम्ही पाहिली असेलच. भारत जिंकला, सगळ्यांचे डोळे दीप्ती शर्माच्या पाच बळींवर. पंचांच्या दृष्टीने त्या दिवसाचं मोठं काम दुपारी झालं. पावसाने सामना सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला, तरी सामना पूर्ण ५० षटकांचाच ठेवला गेला. अशा दुपारी पंच पुन्हा पुन्हा मैदानात जातात, गोलंदाजाच्या रनअपवर बूट दाबून बघतात, तीस यार्डांच्या आतल्या गवतावर हात फिरवतात. दोन्ही कर्णधार, ग्राउंड्समन, सामनाधिकारी, टीव्हीवाले, प्रत्येकाला वेगळी वेळ हवी असते. त्या लढतीत टीव्ही पंचाच्या खुर्चीत स्यू रेडफर्न होत्या, इंग्लंडकडून खेळलेल्या. मैदानावर आणि खुर्चीत सगळ्या महिला.

आता आयुष्य कसं असतं, याबद्दल. लोकांना विमानं आणि हॉटेलं दिसतात. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय पंचाचा दिवस फार एकसुरी आणि एकट्याचा असतो. खेळाडूंच्या भागात शिरताना फोन जमा करावा लागतो. संध्याकाळी संघ एकत्र जेवतो तेव्हा पंच आपापल्या खोलीत दिवसाचे निर्णय पुन्हा बघत असतात. प्रत्येक निर्णयाची नोंद होते आणि सामन्यानंतर त्यावर चर्चा होते. ज्या खेळाडूंसोबत एकेकाळी डबा वाटून खाल्ला, त्यांच्याशी बोलणं मोजून-मापून होतं. हे सगळं वर्षातले कित्येक महिने, घरापासून लांब.

लांब म्हणजे किती, तर अलीम दार यांचं उदाहरण ऐका. पाकिस्तानात प्रथम श्रेणी क्रिकेट खेळून पंच झालेला माणूस. २००३ च्या विश्वचषकात ते दक्षिण आफ्रिकेत असताना घरी त्यांची तान्ही मुलगी गेली. काम अर्धवट सुटू नये म्हणून घरच्यांनी ते त्यांना कळू दिलं नाही. पुढे ते २००९ ते २०११ सलग तीन वर्षं जगातले सर्वोत्तम पंच ठरले. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. तुमचं लग्न झालंय असं तुम्ही लिहिलंय, तर हा निर्णय दोघांनी बसून घ्यायचा आहे, एवढंच.

शरीराचंही बघा. डिसेंबर २०१६ मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटीत भुवनेश्वर कुमारने फेकलेला चेंडू रायफल यांच्या डोक्याला मागून लागला. त्यांना मैदान सोडावं लागलं आणि टीव्ही पंच मरे इरास्मस त्यांच्या जागी आत आले. ऑस्ट्रेलियाचे जॉन वॉर्ड यांना २०१५ मध्ये दिंडिगुलला रणजी सामन्यात सरळ फटका डोक्याला लागला, नंतर ते हेल्मेट घालून उभे राहू लागले. त्याच्या आदल्या वर्षी इस्रायलचे माजी कर्णधार हिलेल ऑस्कर अश्दोदला पंच म्हणून उभे असताना चेंडू लागून गेले. फलंदाजाच्या अंगावर सगळं संरक्षण असतं, पंचाच्या अंगावर पांढरा शर्ट. बॅट पूर्वीपेक्षा जाड झाल्या आहेत आणि फलंदाज सरळ मारतात. त्यामुळे खेळणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवू नका. दिवसाची ९० षटकं उभं राहून शेवटच्या तासातही मान खाली न जाणं, हे पायांचं आणि कमरेचं काम आहे.

चुकीबद्दल बोलायलाच हवं, कारण खेळाडूची चूक संघात वाटली जाते, पंचाची जात नाही. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषकाची अंतिम लढत, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड. मार्टिन गप्टिलचा थ्रो धावत आलेल्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला आणि धर्मसेना यांनी सहा धावा दिल्या, धावून काढलेल्या दोन आणि सीमापारच्या चार. नियम १९.८ सांगतो की थ्रो सुटला त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असेल तरच त्या वेळी चालू असलेली धाव धरायची. रिप्लेमध्ये दिसलं की ओलांडलेलं नव्हतं, म्हणजे पाच धावा हव्या होत्या. टॉफेल यांनीही तसंच मत दिलं. धर्मसेना यांनी नंतर रिप्ले पाहून चूक मान्य केली.

माझं मत जरा वेगळ्या अंगाने आहे. त्या क्षणी पंचाने काय बघायचं होतं ते मनात आणा. लांब सीमारेषेजवळ थ्रो सुटतोय. पिचच्या मध्यभागी दोन फलंदाज धावतायत. धावबाद होण्याची शक्यता आहे म्हणून पंच क्रीजच्या रेषेत जाऊन उभा आहे, कारण त्याचं पहिलं काम तिथे आहे. थ्रोचा क्षण आणि ओलांडण्याचा क्षण एका नजरेत मावत नाही. ही चूक ज्ञानाची म्हणता येणार नाही, माणसाच्या नजरेची मर्यादा होती, आणि नियमात तेव्हा ते टीव्ही पंचाकडे पाठवण्याची सोयही नव्हती. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२२ मध्ये मेलबर्नला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम लढतीत पुन्हा इंग्लंड होतं आणि मैदानावर पंच कोण होते? इरास्मस आणि धर्मसेना, लॉर्ड्सवर होते तेच दोघे. आयसीसीने एका निर्णयावरून माणसाची किंमत केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला सेंट्रल मैदानावर पहिली शिवी पडेल तेव्हा हे आठवा.

आता व्यवहार. वाट साधारण अशी: आधी मुंबई क्रिकेट असोसिएशनची परीक्षा, मग मुंबईतले सामने, मग बीसीसीआयची परीक्षा. त्यानंतर कनिष्ठ गटाच्या स्पर्धा, मग रणजी, त्यातून काहींना आयपीएल. भारतातून थोडेच पंच आयसीसीच्या आंतरराष्ट्रीय पॅनलवर जातात आणि त्यांच्यातून एखादा एलिटमध्ये. एलिटमध्ये जगभरातून डझनभर माणसं असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय हे ध्येय ठेवा, पण हिशेब त्याच्यावर मांडू नका. हिशेब देशांतर्गत सामन्यांवर मांडा. बीसीसीआयने २०२२ मध्ये नवी श्रेणी केली तेव्हा वरच्या दोन श्रेणींच्या पंचांना दिवसाला ४० हजार आणि खालच्या श्रेणींना ३० हजार रुपये असा दर होता. एकदा त्या यादीत गेलात की घर नीट चालतं. तिथे पोहोचेपर्यंत चालत नाही. स्थानिक सामन्यांचं मानधन प्रवास आणि चहापाणी यापलीकडे फार नेत नाही. तुमची नोकरी खेळाच्या कोट्यातली आहे, ती धरून ठेवा, आणि सामन्यांच्या दिवशी रजा मिळेल का हे साहेबांना आधीच विचारून ठेवा. चांगले पंच होऊ शकले असते असे कितीतरी जण रजेपायी मागे राहिलेले मी पाहिलेत.

तुमच्या बाजूने काळ आहे. तन्मय श्रीवास्तव २००८ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला भारताचा सर्वाधिक धावा करणारा फलंदाज, आयपीएल खेळलेला, आणि २०२५ मध्ये आयपीएलमध्ये पंच. त्याच अंतिम सामन्यातला सामनावीर अजितेश अर्गल २०२३ मध्ये बीसीसीआयची पंच परीक्षा उत्तीर्ण झाला. म्हणजे तुमच्याहून मोठ्या वयाची, जास्त खेळलेली माणसं आत्ता याच रांगेत आहेत. त्यामुळे आपण उशीर केला असं वाटून घेऊ नका आणि आपण खेळलोय म्हणून रांगेत पुढे उभे आहोत, असंही नाही.

सुरुवात कशी करावी, तर पहिला हंगाम स्कोअरिंग करा. राठींचा रस्ता मी मुद्दाम सांगितला तो यासाठी. स्कोअररच्या टेबलावर बसल्यावर पंचांचा प्रत्येक इशारा तुम्हाला उलट बाजूने दिसतो. लेगबाय की बाय, शॉर्ट रन झाली का, नो-बॉलवर बॅटला लागलं होतं का, हे पंचाने स्पष्ट दाखवलं नाही की वहीत घोळ होतो. तो घोळ तुम्ही निस्तरलात की पुढे तुमचे इशारे आपोआप स्वच्छ होतात.

सोबत नियमांचं पुस्तक. ४२ नियम आहेत. आठवड्याला एक घ्या, मराठीत स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा, आणि प्रत्येकाला आझाद मैदानावरचा एक प्रसंग जोडा. आझाद मैदानासारखी शाळा नाही. तिथे तुमच्या सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असतो, कुणाचा तरी चेंडू तुमच्या पिचवरून जातो, आणि पावसाळ्यात कांगा लीगला गवतात अडकलेला चेंडू शोधेपर्यंत फलंदाज धावत असतात. डेड बॉल कधी द्यायचा हे तिथे उभं राहिल्यावर जितकं पक्कं होतं तितकं कुठेच होत नाही. तुम्ही तिथे खेळलाच आहात, आता त्याच जागी उभे राहून बघा.

कानांकडेही लक्ष द्या. नेरूळसारख्या भरलेल्या स्टेडियममध्ये बॅटची कड ऐकू येत नाही, तिथे चेंडूची दिशा बदलली का, शिवण डगमगली का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. ठाण्यातल्या रिकाम्या मैदानावर उलट होतं, सगळं ऐकू येतं आणि पॅडची बकल वाजली तरी कड वाटते. रिकाम्या मैदानावर शिकताना आवाज आल्यावर लगेच विश्वास ठेवू नका, आधी चेंडू बॅटजवळून गेला तेव्हा दोघांत फट दिसली का ते स्वतःला विचारा.

आणि हिवाळ्यात ठाणेवैभव करंडकाचे सामने सुरू झाले की दोन-तीन रविवार सेंट्रल मैदानावर नुसते बघायला या. साइटस्क्रीनच्या मागे उभे राहा, शक्यतो पंचाच्या रेषेत, आणि प्रत्येक अपिलाला तुमचा निर्णय पंचाच्या आधी वहीत लिहू नका. त्याने बोट वर केलं किंवा मान हलवली की मग लिहा, सोबत टप्पा, पॅड आणि पुढची दिशा. घाई करायची सवय सुटलीय की नाही हे त्या वहीवरून तुमचं तुम्हालाच कळेल. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या परीक्षेची सूचना निघाली की वयाची अट आणि कागदपत्रं नीट वाचून अर्ज भरा, आणि डोळे तपासून घ्या. चष्मा असला तरी चालतो, फक्त नंबर बरोबर असला पाहिजे.